कामाच्या वारी ये

दिवाळीच्या दिवसांत आपण बायका एक मोठं काम करतो आणि त्याला काम म्हणत नाही. ते म्हणजे नातेवाइकांच्या आणि मैत्रिणींच्या भेटीगाठी. कोणाकडे जायचं, कोणाला काय न्यायचं, कोणाकडे गेल्या वर्षी जाणं झालं नाही म्हणून यंदा गेलंच पाहिजे, हा सगळा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात असतो. २०२५ च्या भाऊबीजेला मी असाच एक दिवसाचा दौरा केला. पुण्याहून निघून आधी वाईजवळच्या एका गावात आत्याकडे, तिथून साताऱ्याला मैत्रिणीकडे, संध्याकाळी साताऱ्यातच आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या बाईंकडे आणि रात्री परत. निघताना एवढंच मनात होतं, की तिघींना भेटू, बरं वाटेल. परत येताना मात्र मी अस्वस्थ होते. त्या अस्वस्थतेतून जे सुचलं ते तुम्हा मैत्रिणींपुढे चर्चेसाठी मांडते आहे.

भाऊबीजेला आत्याकडे जायचं काम खरं तर बाबांचं. पण ते आता ७१ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना एस.टी.ची पायरी चढवत नाही. भाऊ नोकरीसाठी बंगळूरला. म्हणून बाबांनी ओवाळणीचं पाकीट आणि साडी माझ्या हाती दिली. स्वारगेटला सकाळी सहाच्या गाडीत बसले, तर गाडीत निम्म्याहून अधिक बायकाच होत्या. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. बाई घराबाहेर पडण्याच्या दृष्टीने या सवलतीचं मोल मोठं आहे, हे मी आमच्या वस्तीतल्या बायकांच्या अनुभवावरून सांगू शकते.

खंडाळा तालुका लागला की मला नेहमी सावित्रीबाईंचं नायगाव आठवतं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते तरुण विधवांसाठी. त्या काळात विधवा म्हटलं की पंधरा-वीस वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर यायची. आज आपल्या घराघरांतली विधवा बहुतेकदा साठी-सत्तरी ओलांडलेली असते. तिच्याबद्दल आपण चळवळीतल्या बायका किती बोललो, असं स्वतःला विचारलं तर उत्तर फारसं समाधानकारक नाही.

वाईहून वडापने गावात पोचले. आत्या ७६ वर्षांची. घर नवं, स्लॅबचं, मुलाने कर्ज काढून बांधलेलं. आत्याची खाट सोप्यात आहे, खाटेखाली तिची पेटी. मुलगा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे, सून दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला जाते. दोघंही सकाळी साडेसातला बाहेर पडतात. सुनेने मला पाणी दिलं, चहा टाकला. तिच्या वागण्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी सुनेला दोष देऊ नये.

आत्याने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला तेव्हा मला वाटलं, मायेने फिरवते आहे. ती मला ओळखण्यासाठी चाचपत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डाव्याने तर काहीच दिसत नाही. तरी तिने हट्टाने ताट केलं. “भावाच्या जागी तूच बस,” म्हणाली. निरांजन ओवाळताना तिचा अंदाज चुकला आणि ज्योत माझ्या केसांपाशी आली. सुनेने चटकन तिचं मनगट धरलं. आम्ही तिघीही हसलो, पण त्या हसण्यात काही अर्थ नव्हता.

मग मी विचारलं, “आत्या, ऑपरेशनचं काय झालं?” सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं, हे तिला ठाऊक आहे. तीनदा तारीखही मिळाली होती. पहिल्या वेळी सुनेला रजा मिळेना, एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो. दुसऱ्या वेळी साखर वाढलेली निघाली. तिसऱ्या वेळी सोबत न्यायला कोणीच नव्हतं. एस.टी. तिला फुकट आहे, पण गाडीवरची पाटी दिसत नसेल तर फुकट तिकिटाचं ती काय करणार? मी म्हटलं, “मला फोन करायचास ना.” त्यावर ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत देते.

“तुम्ही समदी सणाला येता. सणाला दवाखाना बंद, ब्यांक बंद, तलाठी गावात नसतो. पेढं तेवढं घरात पडून ऱ्हात्यात. यायचंच तर कामाच्या वारी ये की गं पोरी.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजी आणायला सांगावी तसं तिने सांगितलं. मी मात्र गप्प झाले. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई, दहा-बारा वर्षं सल्ला केंद्रात बसते. केस आली की कागद काढते, फोन करते, सोबत जाते. सगळं कामाच्या वारी. आणि स्वतःच्या आत्याकडे मात्र वर्षातून एकदा साडी आणि पेढे घेऊन जाते, आणि त्याला प्रेम म्हणते.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. ती लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. पण आपल्या पत्रिकेत आपण दुसऱ्यांच्या घरातलं लिहितो तर स्वतःच्या घरातलं का टाळायचं?

माझे आजोबा १९९६ साली वारले. आजी आधीच गेलेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजोबांच्या वाट्यात आत्याचा आणि बाबांचा हिस्सा सारखा होता. वारस नोंद झाली, सात-बारावर आत्याचं नाव चढलं. पुढच्या वर्षी बाबा तिला घेऊन निबंधक कार्यालयात गेले आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. जोरजबरदस्ती झाली नाही. कोणी विचारलंही नाही, आणि तिनेही विचारलं नाही. बहिणीने माहेरची वाट उघडी ठेवायची असेल तर सही करायची, ही रीतच होती. त्या जमिनीतला एक तुकडा २०१० मध्ये विकला. त्या पैशात भावाचं इंजिनिअरिंग पुरं झालं आणि माझं एम.एस.डब्ल्यू. झालं.

२०१४ मध्ये आत्याचे यजमान गेले. त्यांच्या जमिनीत आणि घरात विधवा म्हणून आत्याचा मुलाइतकाच हिस्सा होता, तिच्या मुलीचाही होता. मुलाला बांधकामासाठी कर्ज काढायचं होतं, त्याला उतारा एकाच्या नावावर हवा होता. मायलेकींनी सही केली. म्हणजे आत्याने आयुष्यात दोनदा सही केली, एकदा बहीण म्हणून आणि एकदा आई म्हणून. आज तिच्या नावावर काही नाही. सुनेला २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळू लागले. आत्याला ते मिळत नाहीत, कारण ती योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. पासष्टीच्या पुढे श्रावणबाळ योजना आहे, पण तिला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. मुलाचा पगार त्याहून जास्त, म्हणून ती त्यातही बसत नाही. मुलाच्या पगारावर तिचा हात नाही, पण कागदावर तो पगार तिच्या आड येतो.

मी गावोगाव हक्कसोडपत्रावर शिबिरं घेते. “साडी घेऊन जमीन सोडू नका,” असं बायकांना सांगते. १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा, २००५ ची दुरुस्ती, मुलीला जन्मापासूनच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आहे हा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळं फळ्यावर लिहून दाखवते. आणि त्या दिवशी सोडलेल्या जमिनीवर शिकलेली मी, हातात साडी घेऊन आत्याच्या सोप्यात बसले होते. कायद्याने आता त्या १९९७ च्या कागदाचं काही होण्यासारखं नाही. पण कायद्याने होत नाही म्हणून माझी बाजू मोकळी झाली, असं मला म्हणता येणार नाही.

दुपारी साताऱ्याला मैत्रिणीकडे गेले. आम्ही दोघी एका वर्गात होतो. तिच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. गेल्या दोन वर्षांत त्या रात्री झोपत नाहीत, दार उघडून बाहेर पडतात, कपडे खराब करतात. मैत्रिणीने नोकरी सोडली. नवरा चांगला आहे, म्हणजे तो औषधं आणतो आणि बायकोचं कौतुक करतो. मी गेले तेव्हा ती दिवसभरातली सातवी खेप करत होती चहाची. सकाळपासून माणसं येत होती, आजींच्या पाया पडत होती. आजी कोणालाही ओळखत नव्हत्या आणि इतक्या नव्या चेहऱ्यांनी बावरून गेल्या होत्या. जाताना प्रत्येक जण मैत्रिणीला म्हणत होता, “तू आहेस म्हणून हो, आजकाल कोण करतं एवढं!”

स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, “अगं, हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. कारण त्याचा अर्थ, तूच करत राहा.”

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती आपण ऐकण्यासारखी आहे. याच सासूने लग्नानंतरची सहा वर्षं तिला फार त्रास दिला होता. मोजून पोळ्या, माहेरावरून टोमणे, पहिली मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात न येणं. त्या वेळी ती माझ्याकडे रडली आहे. आपल्या चळवळीच्या भाषेत ती सासू छळ करणारी होती आणि तसं म्हणणं चूक नव्हतं. आज त्याच बाईचं सगळं ती करते. माफ केलं का, असं विचारल्यावर म्हणाली, “तो प्रश्न सुचायला वेळ तर मिळू दे. मी झोपले नाहीये.”

मी पिशवी खाली ठेवली आणि तिला म्हटलं, “जा, आत जाऊन झोप. मी बसते आजींजवळ.” तिने आधी ऐकलं नाही, मग ऐकलं. दोन तास झोपली. मी आजींच्या हातात जुन्या साड्यांची चळत दिली. त्या घड्या घालत राहिल्या, मोडत राहिल्या, पुन्हा घालत राहिल्या. या दोन तासांत तिघं पाहुणे आले, त्यांना मी दारातूनच पाणी देऊन पाठवलं. मैत्रीण उठल्यावर म्हणाली, “या दिवाळीतली एवढीच काय ती भाऊबीज मिळाली मला.”

हा एका घरातला प्रकार नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली वेळवापराची देशभर पाहणी केली. जे लोक घरकाम करतात त्यांच्यात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. घरातल्या मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. ही सरासरी आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात १३७ मिनिटं सकाळी नऊच्या आतच संपतात.

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांत साठीच्या पुढच्या फार कमी असतात. पूर्वी मला वाटायचं, त्यांच्या तक्रारी कमी असतील. आता कळतं, त्या एकट्या येऊ शकत नाहीत आणि ज्याने आणायचं त्याच्याविरुद्धच तक्रार असते. ज्या येतात त्यांतल्या काहींना मुलगाच घेऊन आलेला असतो, सुनेला घराबाहेर काढण्यासाठी आईची सही हवी म्हणून. ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सुनेच्या विरुद्ध हत्यार म्हणून वापरला जाऊ नये, तिचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा राहण्याचा हक्कही पाहिला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात सांगितलं. ते योग्यच आहे. पण यातून एक गोष्ट दिसते. सासू आणि सून दोघीही नाव नसलेल्या घरात राहतात आणि एकीला दुसरीच्या विरुद्ध उभं करणं फार सोपं असतं.

संध्याकाळी बाईंकडे गेले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वय ७९, लग्न केलं नाही, साताऱ्यातल्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. ऐंशीच्या दशकात परित्यक्तांच्या प्रश्नावर गावोगाव फिरलेल्या. माझ्या मनात आलं होतं की त्यांची अवस्था सगळ्यांत बिकट असणार, नवरा नाही, मूल नाही. पण घर स्वच्छ, बाई नीटनेटक्या, भिंतीवर एक कागद चिकटवलेला. त्यावर सात वार आणि सात नावं.

मी विचारलं तेव्हा हसल्या. म्हणाल्या, “पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, माहीत आहे ना? सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. मी म्हातारपणी वार लावून घेतलेत. जेवणाचे नाहीत, माणसांचे.” सोमवारी शेजारची एक शिक्षिका येऊन पत्रं, बिलं, बँकेचे निरोप वाचून दाखवते. मंगळवारी बचतगटातली एक जण दवाखाना-औषधं पाहते. गुरुवार एका निवृत्त कंडक्टरचा आहे, तो बाजार आणून देतो आणि अर्धा तास वाद घालतो. शनिवारी कॉलेजातली एक मुलगी, तिला बाई इंग्रजी शिकवतात. “मी फुकट कोणाचं घेत नाही,” बाई म्हणाल्या. “कोणाचा अर्ज लिहून देते, कोणाच्या मुलाला शिकवते. आणि हो, ज्याचा वार चुकेल त्याने दुसरा माणूस पाठवायचा, हा नियम. नाहीतर उपकार होतात. उपकार चार दिवस टिकतात.”

रात्रीच्या गाडीत मी आत्याचं वाक्य आणि बाईंचा कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहत होते. माझं म्हणणं साधं आहे. सणाची भेट वाईट नाही. म्हातारी माणसं तिची वाट पाहतात. पण सणाची भेट ही सोयीची भेट आहे, आणि ती झाली की आपलं कर्तव्य झालं असं वाटून आपण वर्षभर मोकळे राहतो. वृद्ध बाईला ज्या गोष्टी लागतात त्या सगळ्या कामाच्या वारी घडतात. डोळे तपासणं, हयातीचा दाखला देणं, बँकेत अंगठा उमटत नसेल तर साहेबांशी भांडणं, उताऱ्यावर आपलं नाव आहे का ते पाहणं. आणि जी बाई तिला सांभाळते तिला लागते झोप, तीही कामाच्या वारीच लागते, कारण सणाला तर तिच्याकडे पाहुणे असतात.

यावर आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. पहिला असा की हेही ओझं शेवटी बायकांवरच येईल. खरं आहे, येईल, जर आपण दक्ष राहिलो नाही तर. म्हणून वार लावताना पुरुषांची नावं आधी लिहावीत. भाऊबीजेला ओवाळून घेणाऱ्या भावाने बहिणीसाठी वर्षातले निदान बारा कामाचे वार द्यावेत, असं म्हणायला काय हरकत आहे? हिस्सा भावाने घेतला असेल तर वारही त्याने दिला पाहिजे. लग्न झालेल्या लेकीवरही आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच दिला आहे. लेकींनी हिस्सा सोडला तरी जबाबदारी सुटली नाही. मग ज्याने हिस्सा घेतला तो कसा सुटेल?

दुसरा आक्षेप असा की हे काम शासनाचं आहे, आपण केलं तर शासन अंग काढून घेईल. हाही महत्त्वाचा आहे. म्हणून दोन्ही हवं. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडला दुखणाइतांच्या वेदनाशामक देखभालीचं काम सुरू झालं, पुढे वस्तीतले स्वयंसेवक त्यात आले आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी धोरण आणलं. आज तिथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका घरी जातात. लोकांनी वार लावले म्हणून सरकार सुटलं नाही, उलट त्याला यावं लागलं. आपल्याकडेही मागण्या करता येतील. वृद्ध बाईचं निवृत्तिवेतन मुलाच्या उत्पन्नाशी बांधू नये. दाखल्यासाठी तिने तहसीलला न जाता कर्मचाऱ्याने घरी यावं. आणि खाजगी व कंत्राटी नोकरीत घरातल्या वृद्धांच्या देखभालीसाठी भरपगारी रजा मिळावी. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ सालीच झाला, म्हातारपणासाठी तसा कायदा अजून नाही. आत्याच्या सुनेला एका खाड्याचे पैसे मिळाले असते तर आत्याचे डोळे कधीच उघडले असते.

तिसरा आक्षेप माझ्याच मनातला आहे. छळ करणाऱ्या सासूसाठी सुनेने का करावं? मला वाटतं, करावंच असं कोणी तिला सांगू नये. पण तिने नाही केलं तर कोण करणार, याचं उत्तर घराने आणि गावाने द्यायला हवं. आज ते उत्तर कोणाकडे नाही, म्हणून तिला ‘नाही’ म्हणता येत नाही.

माझी सूचना अशी. प्रत्येक महिला मंडळाने, बचतगटाने आपल्या वस्तीतल्या साठीच्या पुढच्या बायकांची यादी करावी आणि प्रत्येकीच्या बाबतीत तीन गोष्टी विचाराव्यात. तिच्या नावावर काय आहे? महिन्याला तिच्या हातात स्वतःचे किती पैसे येतात? आणि तिला जी सांभाळते, ती शेवटची सलग कधी झोपली? मग त्याप्रमाणे वार लावावेत. सही करण्याआधी आपल्याकडे या, हेही त्यांना सांगावं. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळू शकते, पण अट नसेल तर अडचण होते, हे २०२२ च्या निकालावरून दिसलं आहे. म्हणून मिळकत द्यायचीच असेल तर ती अट कागदात लिहून घ्यावी. त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे चरितार्थासाठी अर्ज करता येतो, त्याला वकील लागत नाही. पण तिथे न्यायलाही कोणीतरी कामाच्या वारी रिकामं हवं.

घरी आल्यावर मी बाबांशी बोलले. हक्कसोडपत्राचा विषय आमच्या घरात प्रथमच निघाला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिने कधी मागितलं नाही.” मी म्हटलं, “आपण कधी विचारलं नाही.” भावाशी फोनवर थोडा वादच झाला. शेवटी ठरलं ते एवढंच, की दर महिन्याला दोघांनी मिळून ठरावीक रक्कम आत्याच्या स्वतःच्या खात्यात भरायची, तिच्या मुलाच्या नाही. याने हिस्सा परत होत नाही हे आम्हाला कळतं. पण ओवाळणीच्या पाकिटापेक्षा ते बरं.

आत्याला पुन्हा तारीख मिळाली आहे, मंगळवारची. मी रजेचा अर्ज दिला. कारण म्हणून आधी ‘घरगुती काम’ असं लिहिलं होतं, मग ते खोडून ‘आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन’ असं लिहिलं. आमच्या वरिष्ठांनी अर्ज वाचून विचारलं, “सख्खी आत्या का?” मी हो म्हटलं. पण वाटेत आलेल्या वडापमधली ती दुसरी म्हातारी आठवली, जी माझ्या हाताला धरून खाली उतरली होती. तिच्यासाठी रजा मागितली असती तर काय उत्तर दिलं असतं?

आपापल्या गटांत यावर बोला. कोणी असे वार लावले असतील, लावून मोडले असतील, तर तेही पत्रिकेकडे लिहून पाठवा. मोडले का, हे कळलं तर आम्हालाही उपयोग होईल.